विहीर माझी, पाणी कुणाचं?



गणेश चतुर्थीला आपण रोज एक श्लोक वाचायला सुरुवात केली. तेव्हा दारात चिखल असायला हवा होता, पण धूळ होती. आज पौषात आपण तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकाशी आलो आहोत आणि धूळ अजून तशीच आहे.

खरं सांगायचं तर हा श्लोक पटकन उरकून पुढे जायचं माझ्या मनात होतं. अर्थ काही अवघड नाही. भगवंत म्हणतात, यज्ञाने संतुष्ट झालेले देव तुम्हाला हवे ते भोग देतील. पण त्यांनी दिलेलं त्यांना काहीच परत न करता जो नुसता भोगत बसतो, तो चोर. संस्कृतात शब्द आहे 'स्तेन'. भगवंतांनी त्याला अज्ञानी म्हटलं नाही, मोहात सापडलेला म्हटलं नाही. चोर म्हटलं. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पोराने दुसऱ्याचं पेन उचललं तरी हा शब्द मी वर्गात उच्चारला नाही, कारण तो एकदा चिकटला की निघत नाही. आणि इथे साक्षात कृष्ण तो शब्द अर्जुनासमोर टाकतो, तेही चोरी न केलेल्या माणसाबद्दल! ज्याने कुणाचं घर फोडलं नाही, जो आपल्याच ताटातलं जेवतोय, तो चोर कसा?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. आमच्या आक्कांच्या विहिरीने पाडला. म्हणून आज थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

आपले बरेच वाचक पुण्या-मुंबईचे आहेत, काही तर परदेशात आहेत. बारामती म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ऊस आणि कालवा येतो. ते खोटं नाही. पण बारामती तालुके दोन आहेत, एका नावाचे. एक नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा बागायती पट्टा: माळेगाव, पणदरे, सोमेश्वर. ब्रिटिशांच्या काळापासून तिथे भाटघरचं पाणी आहे, नंतर वीरचं आलं. कालवा पाझरतो, उसाला दिलेलं पाणी जमिनीत मुरतं, त्यामुळे तिथल्या विहिरींना पाणी टिकतं. इतकं की काही रानं पाण्याच्या अतिरेकाने चोपण झाली, पांढरी पडली. दुसरा तालुका कऱ्हेच्या काठचा आणि माळावरचा, सुपे-मोरगावच्या बाजूचा जिराईत. कऱ्हा म्हणजे ब्रह्मदेवाच्या कमंडलूतून सांडलेलं पाणी, अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. मोरगावला मयूरेश्वर तिच्याच काठी, आर्या लिहिणारे मोरोपंतही बारामतीत तिच्याच काठी राहिले. पण वर्षातले बरेच महिने नदीत पाणी कमी आणि आख्यायिकाच जास्त असते. आमचं गाव ह्या दुसऱ्या तालुक्यातलं. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सरासरीत. मोसमी ढग घाटमाथ्यावर मोकळे होतात आणि आमच्याकडे नुसते सावली धरून जातात.

आमचा खरा पाऊस परतीचा. उत्तरा आणि हस्त. ज्येष्ठ-आषाढात काय पडेल ते पडेल, हस्त बरसला की विहिरी भरतात, ज्वारी पेरता येते आणि मालदांडी नुसत्या ओलीवर, थंडीवर उभी राहते. २०२३ साली ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. परतीच्या पावसानेही हात दिला नाही. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही आहेत.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. दुष्काळ म्हटलं की पेपरात फोटो येतो तो एप्रिल-मेचा. भेगा पडलेली जमीन, हंडे, टँकर. पण विहिरीचा दुष्काळ त्या वेळी पडत नाही. तो पडतो आत्ता, मार्गशीर्ष-पौषात. हवा छान गार असते, संक्रांतीचा तिळगूळ नुकताच वाटलेला असतो, शेतात हिरवं दिसतं, विहिरीत तीन-चार परस पाणी असतं आणि माणूस मोटार चालू करतो. गहू, कांदा, ऊस, डाळिंब, ज्याला जे जमेल ते. चैत्रात कुणाच्या घागरीत काय पडणार ते ह्याच दिवसांत ठरतं, आणि ठरवणाऱ्याच्या कपाळाला घामही आलेला नसतो.

आमची थोरली बहीण इंदापूर तालुक्यात दिलेली आहे, पळसदेवच्या बाजूला. उजनीच्या फुगवट्याचा तो भाग. जुनं पळसदेव धरणात गेलं, त्याबरोबर पळसनाथाचं देऊळही गेलं. उजनी फार खाली गेली की ते देऊळ पाण्यातून वर येतं. मग लोक गाड्या काढून दर्शनाला जातात, फोटो काढतात. त्याच वेळी काठावरचे शेतकरी मागे सरणाऱ्या पाण्यामागे पाईप वाढवत, मोटारी पुढे सरकवत धरणाच्या पोटात उतरत असतात. अशाच एका वर्षी बहीण फोनवर म्हणाली, "आरं, देव दिसला म्हणून हात जोडावं का हिरीनं तळ गाठला म्हणून रडावं, काय कळंना." मी तिला काहीतरी तात्त्विक उत्तर दिलं होतं. काय ते आता आठवत नाही. बरंच आहे.

तर आक्कांची विहीर.

आक्का म्हणजे आमच्या बांधाच्या शेजारीण. नात्याने कुणी नाहीत, पण गावात नातं लागतंच. त्यांची विहीर चाळीसेक फूट खोल, वरचं बांधकाम घडीव दगडाचं, मोटेची धाव अजून शाबूत. १९७२ च्या दुष्काळात आमची अख्खी वस्ती त्या विहिरीवर प्यायली. मी तेव्हा लहान होतो. पहाटे पोहऱ्याचा आवाज यायचा आणि आक्कांच्या सासूबाई काठावर बसून हिशोब ठेवायच्या: माणशी किती, जनावराला किती. पाणी कमी झालं म्हणून कुणाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही.

२०१८ चा पाऊस असाच गेला. आमच्या विहिरीने दिवाळीतच तळ दाखवला. मी नुकताच निवृत्त झालो होतो, शेती धाकटा भाऊ बघतो. डाळिंबाची बाग तीन वर्षांची, कर्ज काढून लावलेली, नेमकी फळावर आलेली. भाऊ म्हणाला, "दादा, बोअर घेऊ." पाणाड्या आला, तळहातावर नारळ उभा धरून फिरला आणि आक्कांच्या बांधापासून पन्नास-साठ पावलांवर थांबला. गाडी आली. रात्रभर धुरळा उडाला. दीडशेला नुसता कोरडा काळा दगड, दोनशेला ओल, आणि तीनशेच्या आत पाणी लागलं. दोन इंची. आम्ही नारळ फोडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी त्या रात्री विष्णुसहस्रनाम म्हटलं.

महाशिवरात्रीच्या आत आक्कांची विहीर आटली.

त्या विहिरीला उमाळा नव्हता असं मी ऐकलं नव्हतं. बहात्तरला टिकलेली विहीर ती. पण दुष्काळी वर्ष होतं, आसपास आणखी दोन-तीन बोअर झाले होते. जमिनीखाली काय घडलं ते कुणी पाहिलं? मी मनाची अशी समजूत घातली आणि ती बरेच दिवस टिकलीसुद्धा.

मग एका रात्री लाइट गेली, मोटार बंद पडली. ती पाहायला मी गेलो होतो. थंडी कडाक्याची, सगळं रान चिडीचूप. बोअरच्या तोंडाशी वाकलो तर आतून आवाज आला. टप, टप, आणि मधूनच धार लागल्यासारखा. पाणी पडत होतं. खाली कुठेतरी खोल, वरून पाणी पडत होतं. केसिंग पाइपला कान लावला. बराच वेळ तसाच बसलो.

भूजलाच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका ओळखीच्या माणसाला मी तो आवाज सांगितला. त्याने मला जे समजावलं ते सोप्या शब्दांत असं. आपल्याकडे सगळा काळा पाषाण, बेसॉल्ट. तो काही स्पंज नव्हे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, कुजलेल्या दगडात आणि भेगांत. आपल्या जुन्या विहिरी ह्या वरच्या थरातलं पाणी धरतात. हा थर दरवर्षीच्या पावसाने भरतो आणि रिकामा होतो. खालच्या कठीण दगडात फक्त इथेतिथे सांधे असतात, त्यांतलं पाणी भरायला फार वर्षं लागतात. बोअर मारताना केसिंग घालतात ते वरचे वीसेक फूट, माती ढासळू नये म्हणून. त्याच्या खाली भोक उघडं. मग मुरमातलं पाणी विहिरीकडे जायच्या ऐवजी त्या उघड्या भोकात उतरतं आणि खोल जाऊन पडतं. "गुरुजी, तुम्ही ऐकला तो आवाज वरच्या पाण्याचा," तो म्हणाला. मी विचारलं, "म्हणजे शेजारच्या विहिरीचं?" तो म्हणाला, "तसं छातीठोक सांगता येणार नाही. वरच्या पाण्याचा, एवढं नक्की."

बस. एवढाच पुरावा. कुठल्याही पंचायतीत टिकणार नाही असा. पण मी कानाने ऐकलेला.

आता कायद्याचं बघा. आपला १८८२ चा जुना कायदा आहे, सुविधाधिकारांचा. त्यात ठरीव प्रवाहात न वाहणारं जे पाणी जमिनीखाली असतं, ते आपल्या हद्दीत गोळा करायचा आणि वापरायचा हक्क जमीनमालकाला मानला आहे. म्हणजे सातबारा ज्याचा, पाणी त्याचं. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही, हे त्यात न बोलता आलंच. पुढे महाराष्ट्राने भूजलाचा कायदा केला, २००९ चा, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल जाऊन शेतीसाठी पाणी काढायला बंदी आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमचा बोअर तीनशेच्या घरात. तेव्हा आम्ही कायदा विचारला नाही. आमच्या वस्तीत कुणीच विचारत नाही. मी तर शिक्षक, मला वाचता येत होतं.

तरी माझ्या मते प्रश्न कायद्याचा नाही. समजा बोअर एकशेनव्वद फुटांचा असता, मग? आक्कांच्या विहिरीत पाणी राहिलं असतं का? नसतं. मग मी सुटलो असतो का? हेच तर बाराव्या श्लोकाचं म्हणणं आहे. तो म्हणत नाही की दुसऱ्याच्या हद्दीतून उचललं तर चोर. तो म्हणतो, मिळालेलं होतं आणि परत केलं नाही, म्हणून चोर. हद्दीचा त्यात संबंधच नाही.

हे मी भावाशी बोललो. त्याचं उत्तर मी इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते हलकं नाही. तो म्हणाला, "दादा, तू पेन्शनीत आहेस. बाग जळाली असती तर कर्ज कुणी फेडलं असतं? आणि आपण नाही उपसलं तर पाणी काय आक्कांच्या विहिरीत राहणार होतं? खालच्या अंगाला चार बोअर आहेत, ते सोडणार होते का? आपण धुतल्या तांदळाचे राहून पाणी तर जाणारच."

पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाग जळू द्यायला हवी होती, असं मी म्हणू शकत नाही. धर्म सांगणाऱ्याने दुसऱ्याच्या कर्जावर धर्म सांगू नये. पण दुसरा मुद्दा मला कधीच पटला नाही, आणि का ते समजायला वेळ लागला. "मी नाही घेतलं तर दुसरा घेईल" हे वाक्य खरं असू शकतं. पण ते वस्तीतला प्रत्येक जण म्हणू शकतो, आणि प्रत्येकाच्या तोंडी ते खरंच ठरतं. ज्या वाक्याच्या आधाराने सगळे मिळून विहीर कोरडी करतात आणि त्यातल्या एकालाही आपण काही केलंय असं वाटत नाही, त्या वाक्यात कुठेतरी खोट असणारच. चोराचं पाप निदान चोराला ठाऊक असतं. इथे पाप होतं, पण कुणाचंच होत नाही.

आणि हे फक्त बोअरचं नाही. आमच्याकडे, इंदापुरातही, मोठी शेततळी झाली. खाली प्लास्टिक अंथरलेलं. पावसाचं पाणी धरायला काढलेली योजना चांगलीच होती. पण अनेक ठिकाणी हिवाळ्यात बोअरचं पाणी उपसून ती भरली जातात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्यापुरती सोय. जमिनीखाली सगळ्यांचं म्हणून होतं ते वर काढून आपल्या प्लास्टिकवर ठेवायचं आणि उरलेलं उन्हाला द्यायचं. मी कुणाला नावं ठेवत नाही. माझाच बोअर बोलतोय.

मग परत करायचं म्हणजे काय? इथे यज्ञ शब्दाशी थांबावं लागतं. होम-हवनात तूप ओतून आटलेली विहीर भरेल असं मी मानत नाही, आणि माउलींनीही तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा अर्थ स्वधर्माचं आचरण असाच लावला आहे. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते विनोबांचं सांगणं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा यज्ञाचा अर्थ असा लावतात की आपण वापरतो त्याने सृष्टीची झीज होते, ती झीज भरून काढणं म्हणजे यज्ञ. विहिरीच्या काठावर उभं राहून हे ऐकलं तर त्यात रूपक काही राहत नाही. किती काढलं, किती मुरवलं. नांगरट उताराला आडवी केली का, बांध धरला का, ओढ्याला बंधारा घातला का. १९७० च्या आसपास बारामतीच्या जिराईत भागात पाझर तलावांची कामं झाली, मजुरीच्या बदल्यात धान्य देऊन. आमच्या वडिलांनीही माती वाहिली. ते गीता वाचत नव्हते. अक्षरओळखच नव्हती.

पण नुसतं मुरवलं की झालं, असंही नाही. मुरवलेलं पाणी ज्याचा बोअर खोल त्याच्याकडेच जातं. वाटणीचा प्रश्न सुटत नाही. ह्या बाबतीत आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात एक मोठं काम झालं, ते आपल्या वाचकांना माहीत असावं. बहात्तरच्या दुष्काळाने हललेले पुण्याचे एक अभियंते-उद्योजक, विलासराव साळुंखे, नायगावला आले. देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी आधी तिथे पाणी अडवून दाखवलं आणि १९७४ पासून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मोजणीने. माणशी अर्ध्या एकरापुरतं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्याचाही पाण्यात वाटा.

हा शेवटचा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, भूमिहीनाने पाणी घेऊन करायचं काय? पण मग १८८२ चा कायदा आठवा आणि हा नियम त्याच्या शेजारी ठेवा. एक म्हणतो पाणी जमिनीला चिकटलेलं आहे, दुसरा म्हणतो पाणी तहानेला चिकटलेलं आहे. आक्कांच्या सासूबाई काठावर बसून माणशी पाणी मोजत होत्या, ते दुसऱ्या नियमाने. सातबारा त्यांचा होता. त्यांना पहिला नियम लावता आला असता.

नाथांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. रामेश्वराला वाहायला आणलेलं गंगेचं पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. आपण ती भूतदयेची गोष्ट म्हणून सांगतो. मी पण वर्गात तशीच सांगायचो. आता मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या कावडीतलं पाणी नाथांचं होतंच कुठे? ते देवाच्या नावाने निघालेलं, दुसऱ्याचं पाणी. नाथ ते फक्त वाहत होते. वाहणाऱ्याला एवढंच ठरवायचं असतं की वाटेत तहानलेला भेटला तर थांबायचं की नाही. काशीपासून खांदा दुखेपर्यंत आणली म्हणून कावड नाथांची होत नाही. तीनशे फुटांवरून काढलं म्हणून पाणी आमचं होतं का? कर्ज आमचं, बोअर आमचा, वीजबिल आमचं, हे सगळं मान्य.

असो. आता आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

मधली तीन-चार वर्षं पाऊस बरा झाला. आक्कांच्या विहिरीला थोडं पाणी आलं आणि मीही विषय मागे टाकला. पाऊस झाला की माणसाची विवेकबुद्धी झोपते हे मी स्वतःवरून सांगतो. २०२३ च्या दिवाळीत मात्र ती विहीर पुन्हा तळाला गेली. ह्या वेळी भावाला मी काही सांगायच्या आधीच तो म्हणाला, "दादा, आक्कांकडे पाईप टाकू. त्यांच्या टाकीत रोज तासभर सोडू." कदाचित त्यानेही कधी रात्री तो आवाज ऐकला असेल. मी विचारलं नाही. कांदा करायचा नाही असंही त्यानेच ठरवलं. बाग निम्मी ठेवली आहे.

आम्ही दोघं आक्कांकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकायला कमी येतं, पण डोळा तीक्ष्ण. मी जरा गोल गोल बोलायला लागलो: यंदा पाणी कमी आहे, आमच्याकडे थोडं आहे, तुम्हाला टाकीत... त्यांनी मला मध्येच तोडलं.

"मास्तर, टाकीत नगं. हिरीत सोडा."

भाऊ म्हणाला, "आक्का, विहिरीत सोडलं तर मुरून जाईल. तुमच्या हाताला काय लागणार?"

"मुरू दे की. तिचं हाय त्ये तिला घावू दे. ज्याच्याकडं जायचं त्याच्याकडं जाईल." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझं काय, मला दोन हंडं लागत्यात."

त्यांनी दोष दिला नाही. पाच वर्षांत एकदाही दिला नव्हता. पण "तिचं हाय त्ये" असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं हे मला कळलं.

घरी येताना भाऊ वैतागला होता. हिशोबाने तो बरोबर आहे. तीनशे फुटांवरून वीज जाळून पाणी वर काढायचं आणि चाळीस फुटांच्या विहिरीत सोडायचं, तिथून ते मुरमातून पुन्हा आमच्याच बोअरमध्ये टपटपत उतरणार. हा कसला व्यवहार? त्या भूजलवाल्या ओळखीच्या माणसाला विचारलं तर तो हसेल. मलाही पहिल्या दिवशी हसू आलं.

शेवटी तडजोड झाली. आक्कांचे दोन हंडे आणि जनावरांचं पाणी टाकीत, आणि अर्धा तास विहिरीत. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सुरू केलं. आमच्याकडे वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती असेल तेव्हा भाऊ किंवा मी जाऊन कॉक फिरवतो. विहिरीच्या तळाला सध्या घोटाभर पाणी दिसतं, दुसऱ्या दिवशी नसतं. ते परतफेड आहे का, त्यातून काही भरून निघतंय का, की मी फक्त माझं मन धुतोय, हे मला सांगता येत नाही. एक मात्र झालं. त्या विहिरीवर आता पाखरं येतात. आक्का संध्याकाळी काठीचा आधार घेत काठावर येऊन बसतात, त्यांच्या सासूबाई बसायच्या त्याच दगडावर. काल त्यांनी मला विचारलं, "तुमच्या बोरात आजूक वाजतंय का रं?"

मी म्हणालो, "वाजतंय, आक्का."

उद्या तेरावा श्लोक. जो फक्त स्वतःसाठी रांधतो त्याच्याबद्दलचा. माझी तयारी अजून झालेली नाही.

राम कृष्ण हरी.